दुधाच्या डब्यातल्या रिंगा

बहीण म्हणाली, "शनिवारी येशील ना, इतो? मासा तुलाच भरवायचाय."

मी बोललो: "येईन की. मी नाही तर कोण भरवणार?"

बोललो नाही: तुझ्या पोराची गाडी उलटली ती माझ्यामुळे.

पुढेही हे असंच आहे. एक बोललेलं, एक न बोललेलं. दोन्ही सांगतो.

*

बागान बातूच्या हमरस्त्यावर माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पंप म्हणजे गाडीतला, टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाला पाजणारा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पामचे मळे, आणि मळ्यातले घड गिरणीत पोचवणारे पिवळे ट्रक. त्यातला एक माझा भाचा सहात चालवायचा. ट्रक पाक झुल्हामचा; पाक म्हणजे आमच्याकडे साहेब. झुल्हामकडे असे चार आहेत.

सहातचा बाप गेला तेव्हा पोर चौथीत होतं. माझी बहीण रोतुआ हिने बाजारात सुकी मासळी विकून त्याला वाढवलं. आम्हा बाताक लोकांत बहीण-भाऊ एकमेकांना इतो म्हणतात. आईचा भाऊ तो तुलांग, आणि त्याचा भाचा तो बेरे. बाप नसला तरी चालतं, तुलांग नसून चालत नाही. लग्नात, बारशात, आजारपणात त्याने डोक्यावर तांदूळ टाकल्याशिवाय भाच्याचं काही पुरं होत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी, भर दुपारी, गिरणीच्या अलीकडच्या चढावर सहातचं इंजिन बंद पडलं. त्या ट्रकांचे ब्रेक इंजिन चालू असलं तरच नीट लागतात. साडेसात टन माल घेऊन ट्रक मागे घसरला आणि नाल्यात आडवा झाला. पामचा घड म्हणजे वीस-वीस किलोचं काट्यांचं गाठोडं. त्या घडांखाली सहात दोन तास होता. डावा हात दोन ठिकाणी मोडला.

हात जुळेल, डॉक्टर म्हणाले.

झुल्हामने टाकी उघडून बघितली. सकाळी साठ लिटर भरलेलं, उरलं होतं चार. त्याने फोटो काढला आणि ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला. खाली दोनच शब्द लिहिले: "सहात मुतला."

वाटेत डिझेल काढून विकायचं, याला आमच्या रस्त्यावर मुतणं म्हणतात. हा शिक्का बसला की मेदानपासून पेकानबारूपर्यंत कोणी हातात किल्ली देत नाही. सहातला दुसरं काही येत नाही. ट्रक चालवणं आणि खरं बोलणं, एवढंच त्याच्या आईने त्याला शिकवलं.

तो भांडलाही नाही. भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. चार दिवसांनी आईला म्हणाला, "डिझेलचा काटा बघितलाच नसेल मी. की मीच विकलं असेल गं? मला आता काही खात्रीने आठवत नाही."

त्या वाक्याने रोतुआ हादरली. म्हणाली, पोराचा जीव त्या नाल्यातच राहिलाय, तो बोलावून आणायला हवा. त्यासाठी हळद-मसाल्यात शिजवलेला अख्खा मासा, तांदूळ आणि तुलांग.

*

रिंगेचं सांगतो.

लहान मुलीच्या बांगडीएवढं काळ्या रबराचं कडं. पंपाच्या मागच्या टोपणाखाली बसतं आणि डिझेल बाहेर येऊ देत नाही. पूर्वी एक रिंग आठ-आठ वर्षं टिकायची. मग डिझेलमध्ये पामचं तेल मिसळायला लागले. आधी थोडं, मग तीस टक्के, आता पस्तीस. साध्या काळ्या रबराला हे तेल सोसत नाही. रबर ते पितं, फुगतं, लोण्यासारखं मऊ होतं आणि खोबणीतून बाहेर सरकतं. याला दाद न देणारी तपकिरी रिंग मिळते. ती मेदानहून मागवावी लागते.

(माझ्या बापाने इथे रबराची झाडं लावली होती. ती तोडून पाम लावले ते मीच. तेव्हा सगळेच तोडत होते.)

जुन्या गाडीतली काळी रिंग काढली की ती वाळक्या मिरचीसारखी कडक असते. तशी परत बसवली तर गळते. ती फेकायची असते. मी फेकत नसे. गोड दुधाच्या रिकाम्या डब्यात पेट्रोल पंपावरचं डिझेल ओतायचं आणि त्यात त्या जुन्या रिंगा बुडवून ठेवायच्या. दोन दिवसांनी काढल्या की गुबगुबीत, नव्यासारख्या. टोपणाखाली दाबून बसतात. एक थेंब गळत नाही. कडक रिंग वाईट, मऊ चांगली, हे आम्ही सगळे जुन्या डिझेलवर शिकलो होतो. ज्या तेलाने रबर मरतं त्याच तेलाने मी ते जिवंत करतो असं मला वाटायचं. शेजारचे दुकानदार मला बांग, म्हणजे दादा, म्हणतात. ते विचारायचे, "बांग, तुझं टोपण गळत कसं नाही?" मी हसायचो. मला या शोधाचा अभिमान होता.

थांबा. एवढाच अभिमान होता असं नाही. डब्यातल्या रिंगा टाकलेल्या गाड्या दीड-दोन महिन्यांनी गळत परत येतात हे मला गेल्या वर्षापासून कळत होतं. परत आलं की मी दुसरी टाकायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, रस्ते खराब आहेत. मी म्हणायचो, हो ना.

*

सहात माझ्याकडे आला तो दिवस, अपघाताच्या दीडएक महिना आधीचा. पहिल्यांदा असा सांगतो:

सहात घाईत होता. ट्रकमध्ये घड भरलेले होते, दिवस मावळायच्या आत गिरणीत पोचले नाहीत तर माल आंबतो, झुल्हाम शिव्या देतो. तपकिरी रिंग मेदानहून यायला चार दिवस लागले असते. म्हणून मी डब्यातली टाकली.

हे मी मनात इतक्यांदा सांगितलंय की यातलं एकेक वाक्य आता गुळगुळीत झालंय.

आता पुन्हा:

सहात घाईत होता. ट्रकमध्ये घड होते. माझ्या ड्रॉवरमध्ये तीन तपकिरी रिंगा होत्या.

"तुलांग, बघ ना जरा. मागून ओलं होतंय."

"तुझ्या मालकाला सांग, पंप बदल म्हणावं. बुढ्ढा झालाय."

"मालक म्हणतो, तुझा तुलांग आहे ना, त्याच्याकडे ने. फुकटात होईल."

"फुकटात व्हायला मी काय चर्च आहे?"

तो हसला. मीही हसलो. टोपण उघडलं. ड्रॉवर माझ्या गुडघ्यापाशी होता आणि डबा कोपराशी. भाच्याकडून मी कधी काही घेतलं नाही, त्या दिवशीही घेणार नव्हतो. हात डब्यात गेला.

नजर ठेवून उभा असलेला परका असता तर ड्रॉवर उघडला असता. इथे मला दुसरं कारण सापडत नाही. खूप शोधलंय.

"नवी टाकलीस ना?" त्याने विचारलं.

बोललो: "नवीच. जा आता, घड आंबतील."

*

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी झुल्हामच्या अंगणात गेलो. नाल्यातून ओढून आणलेला ट्रक तिथे उभा होता. झुल्हाम जेवायला घरात गेला होता.

सगळा ट्रक चिखलाने लडबडलेला. पंपाच्या खालचा एक हातभर पट्टा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ, आतला मूळ रंग दिसत होता. पामचं तेल मिसळलेलं डिझेल मळ असा उतरवतं. म्हणजे तिथून सकाळपासून धार लागलेली होती. इंजिन चालू असेल तोवरच हे गळतं. इंजिन बंद झालं की गळती बंद, म्हणून कोणाच्या नजरेला काही पडलं नाही. टाकी वाटेवरच रिकामी होत गेली. चढाला लागल्यावर उरलंसुरलं डिझेल टाकीच्या मागच्या टोकाला गेलं, पंपाने हवा ओढली आणि इंजिन मेलं.

मी पंपामागे बोट घातलं. टोपणाच्या फटीतून रिंग बाहेर लोंबत होती, मऊ, ओठासारखी.

आता जे केलं ते. खिशात तेरा नंबरचा पाना होता आणि तपकिरी रिंग होती. म्हणजे घरून निघतानाच मला सगळं माहीत होतं. टोपणाचे चार बोल्ट सोडवले, काळी रिंग काढली, तपकिरी बसवली. काळी रिंग दोन तुकड्यांत आली. ती गटारात टाकली. मग मूठभर चिखल उचलून त्या स्वच्छ पट्ट्यावर फासला.

झुल्हाम ढेकर देत बाहेर आला. "काय बांग, भाच्याची करामत बघायला आलास?"

बोललो: "गाडी जुनी आहे, पाक."

"गाडी जुनी आहे, पण टाकीला तोंड नाही. पिणारं तोंड दुसरंच होतं."

बोललो नाही.

*

शनिवार. रोतुआच्या घरात चटया अंथरल्या होत्या. शेजारचे आठ-दहा जण, तिच्या चर्चमधल्या दोन बाया. सहात मधोमध बसला होता, हात गळ्यात बांधलेला. त्याच्यापुढे ताटात मासा, डोकं त्याच्याकडे करून ठेवलेला. मी मासा आणि भात ठेवलेलं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि उभा राहिलो. बोलायचं ते पाठ असतं. लहानपणापासून ऐकलेलं असतं.

बोललो: "बेरे, हा मासा तुझा तुलांग तुझ्यापुढे ठेवतोय."

बोललो नाही: तुलांगने तुझ्यापुढे आणखीही ठेवलंय.

बोललो: "जो जीव भिऊन मागे राहिला तो आज घरी येऊ दे."

बोललो नाही: तो मागे राहिला कारण त्याला वाटतंय, तो चोर असेल.

बोललो: "तुझा जीव घट्ट होऊ दे. मऊ पडू नये, खचू नये."

इथे मी ताट एका हातावर घेतलं आणि तांदळाची मूठ त्याच्या डोक्यावर नेली. आमच्यात हे तीनदा करायचं असतं. पहिल्यांदा टाकले. दाणे केसांतून कपाळावर आले. त्याने डोळे मिटले होते. भिंतीकडे बघणारं ते पोर पंधरा दिवसांत पहिल्यांदा कोणाकडे तरी तोंड करून बसलं होतं, आणि ते माझ्याकडे. दुसऱ्यांदा हात उचलला. तो खाली येईना.

"तुलांग?" सहातने डोळे उघडले.

"डिझेल तू विकलं नाहीस," मी म्हटलं.

"ते आम्हाला माहीत आहे," एक बाई म्हणाली. "पुढचं बोला, भात गार होतोय."

"नाही. मला वेगळं माहीत आहे. ते गळलं. माझ्या रिंगेतून. मी तुला नवी म्हणून सांगितलं, ती नवी नव्हती. जुनी होती, डब्यात भिजवून फुगवलेली. नंतर झुल्हामच्या अंगणात जाऊन ती मी काढून टाकली. कोणाला दिसू नये म्हणून चिखल फासला."

कोणाच्या तरी हातातला पेला चटईवर टेकल्याचा आवाज आला.

रोतुआने विचारलं, "नव्या नव्हत्या का तुझ्याकडे?"

"होत्या."

"किती?"

"तीन."

"तीन." तिने मान हलवली, मासळीचं वजन ऐकल्यासारखी. "आणि माझ्या पोराला डब्यातली."

"हो, इतो."

मी ताट खाली ठेवायला वाकलो. निघून जावं असं मनात होतं.

"ठेवू नकोस," ती म्हणाली. "टाक तांदूळ. दोनदा राहिलेत."

"रोतुआ, माझ्या हातून कसं..."

"मग कुणाच्या? दुसरा तुलांग मी कुठून आणू? बाजारात किलोवर मिळतो?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुझ्याशी मला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन. वर्षभर बोलेन. आधी माझ्या पोराला भरव."

मी तांदूळ टाकले. पुढचे शब्द म्हटले, सगळे. माशाचा तुकडा काढून त्याच्या तोंडाशी नेला. सहात माझ्या बोटांकडे बघत होता. मग त्याने तो खाल्ला. काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"ग्रुपवर लिहितो," मी म्हटलं.

"लिहू नकोस," सहात म्हणाला. "त्याच्या तोंडावर सांग. मी येतो बरोबर." मग म्हणाला, "मी काटा बघितला होता, तुलांग. अर्ध्यावर होता. मला वाटलं, काटाच बिघडलाय. मला आता आठवतंय."

*

सोमवारी गिरणीसमोरच्या कॉफीच्या टपरीवर झुल्हाम होता. घड उतरायची रांग लांब होती, म्हणून पंधरा-वीस ड्रायव्हरही होते. सहात माझ्या मागे बाकावर बसला. कोणी त्याच्यासाठी सरकलं नाही.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. डबा, ड्रॉवर, चिखल.

झुल्हामने कॉफीत साखर ढवळली. "संपलं?"

"संपलं."

"बांग, तुम्हा बाताक लोकांचं मला फार आवडतं. तुलांग भाच्यासाठी जीव देतो म्हणतात. तू नुसती अब्रू देतोयस, स्वस्तात सुटलास."

ड्रायव्हर हसले. तुंपाल नावाचा एक जाड्या आहे, तो म्हणाला, "असला तुलांग मलाही बघा कुठे. माझ्यावर बायको रोज आळ घेते."

"मी खरं सांगतोय."

"कुठे आहे ती रिंग?"

"गटारात."

"चिखल?"

"धुतला तुम्ही."

"आता पंपात काय आहे?"

"नवी. तपकिरी."

"म्हणजे मी जाऊन बघितलं तर पंप ठणठणीत." झुल्हामने हात पसरले. "तू माझ्या जागी असतास तर?"

मी त्याच्या जागी असतो तर मीही हसलो असतो. गेली सत्तावीस वर्षं मी सांगेन ते ही माणसं खरं धरत आली, आणि आज पहिल्यांदा खरं बोलतोय तर त्याला पुरावा नव्हता, कारण पुरावा मीच नीट, सफाईने, चार बोल्ट घट्ट आवळून नाहीसा केला होता. मागे सहात होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

एकच मार्ग होता, आणि तो मला शनिवारपासून माहीत होता.

"तुमची दुसरी गाडी रांगेत आहे ना," मी म्हटलं, "गेल्या महिन्यात पंप केलेली? तिचं टोपण उघडतो. इथेच."

"का?"

"तिच्यातही डब्यातली आहे."

साखर ढवळणारा चमचा थांबला.

तुंपाल हसायचा थांबला नव्हता, पण आवाज बंद झाला होता.

रस्त्याच्या कडेला, उन्हात, मी त्या ट्रकच्या पंपाला पाना लावला. लोक भोवती कोंडाळं करून उभे राहिले. चौथा बोल्ट निघाला तसं टोपण आपसूक सुटलं, कारण आतून ते ढकललं जातच होतं. रिंग फुगून खोबणीच्या बाहेर आली होती, कडेला कुरतडल्यासारखी. मी ती झुल्हामच्या तळहातावर ठेवली. त्याने अंगठ्याने दाबली. नखाखाली ती भाकरीच्या मऊ पापुद्र्यासारखी तुटली.

त्याने तुकडे झटकले. मग हात पँटला पुसला, फोन काढला आणि उभ्या उभ्या ग्रुपवर काहीतरी लिहिलं. भोवतीच्या खिशांतले फोन एकामागून एक वाजले. कोणी काढून बघितला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

झुल्हाम सहातला म्हणाला, "हात बरा झाला की ये." माझ्याकडे बोट केलं. "तू मात्र माझ्या गाडीला परत हात लावायचा नाहीस."

"नाही लावणार."

मला वाटलं होतं की इथे संपेल.

"बांग," तुंपालने विचारलं, "माझ्यात?"

मी आठवलं. "तुझ्यात डब्यातली."

त्याने शिवी दिली नाही. आपल्या ट्रकच्या दिशेने बघितलं आणि खाली बसला.

"माझ्यात?"

"तुझ्यात नवी. तू भावाबरोबर आला होतास, तो समोर उभा होता."

"माझ्यात, बांग? महिन्यापूर्वी केलेली, निळ्या पट्ट्याची."

"डब्यातली."

मी एकेकाला उत्तर देत गेलो. कोणी नुसतंच मान हलवून बाजूला होत होतं, एकजण माझ्या पायाशी थुंकला. प्रत्येक चेहऱ्याबरोबर मला तो दिवस आठवत होता, आणि हात कुठे गेला होता तेही. हे मला इतकं लख्ख आठवेल असं वाटलं नव्हतं. विसरलो नव्हतोच, नुसतं बघत नव्हतो.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "आणि वार्दोयोची?"

वार्दोयो तिथे नव्हता. तो घड नेत नाही. मळ्यातल्या मजुरांच्या पोरांना शाळेत नेतो-आणतो, मागे बाक ठोकलेल्या ट्रकमधून. चाळीस-पंचेचाळीस पोरं. त्याचा पंप मी ईस्टरनंतर केला होता, म्हणजे दीड महिना होऊन गेला. वार्दोयो पाण्याची बाटली घेऊन दारात उभा होता, पोरांविषयी काहीतरी बोलत होता. माझा हात. डबा, की ड्रॉवर?

"बांग, वार्दोयोची?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

ते ऐकून तुंपाल उठून उभा राहिला.

"शाळा किती वाजता सुटते?" मी विचारलं.

"साडेबाराला."

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. कोणीतरी वार्दोयोला फोन लावला. रिंग वाजत राहिली. तो शाळेकडे निघाला असणार; गाडी चालवताना तो उचलत नाही, पोरं बरोबर असोत नसोत.

सहात बाकावरून उठला. माझ्याकडे बघितलं नाही. तुंपालला म्हणाला, "तो मधल्या रस्त्याने येतो, कालव्याच्या उतारावरून. तुझी मोटरसायकल दे."

"एका हाताने चालवणार?"

"चालव तू. मी दाखवतो." मग दोन पावलं जाऊन तो थांबला, आणि मागे न वळता म्हणाला, "तुलांग, रिंग घे बरोबर. ड्रॉवरमधली."

मी खिसा चाचपला. उरलेल्या दोन्ही दुकानात होत्या. मी रस्ता ओलांडून पळत सुटलो.